कातडी चालते म्हणणारे डॉक्टर

माझ्या कानाला वास येतो, हे सौंसरला येईपर्यंत मला कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. घरच्यांना त्याची सवय झाली होती. बाहेरचे लोक बोलता बोलता थोडे मागे सरकायचे, आणि ते का सरकले हे मला कळायचं. सौंसरला मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी कानात अत्तराचा बोळा घालूनच शाळेत जात असे.

एका काकूंच्या घरी मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. माडीवर सरकारी दवाखान्याचे डॉक्टर राहायचे. उंच, वाकलेले, पन्नाशीच्या आतबाहेरचे, एकटेच. पहिल्याच आठवड्यात मी विहिरीवर पाणी भरत होते, तर हे बाजूनं जाता जाता थांबले. नाक वर केलं, डोळे मिटले, आणि स्वयंपाकघरात काय शिजतंय ते विचारावं तसं विचारलं, "बाई, हा वास तुमच्या कोणत्या कानाचा आहे?"

मी घागर तिथंच टाकून खोलीत गेले आणि रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोर तेच. कपाळाला गोल आरसा बांधलेला, मधे भोक असलेला.

"काल तुम्ही उत्तर नाही दिलं जी."

"उजव्या," मी म्हटलं.

"मले वाटलंच. डाव्यात तुम्ही सोबत म्हणून बोळा घालून राहिल्या."

खरंच होतं. एकाच कानात कापूस दिसला तर लोक विचारतील, म्हणून मी दोन्ही कानांत घालायची. लहानपणापासून हा कान वाहत होता. पांढुर्ण्याला आमचं कापडाचं दुकान. बाबांनी माझ्या कानात लसणाचं कोमट तेल घातलं, जामसांवलीला नेऊन मारुतीला नवस बोलले, वैद्य झाले, पुड्या झाल्या. पण नेमका कोणता कान, हे इतक्या सरळपणे विचारणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता.

डॉक्टरांचं सगळं आयुष्य कानातच चालायचं. तसे ते ताप, हगवण, विंचू, बाळंतपण, सगळंच बघायचे. सरकारी डॉक्टरला न बघून चालत नाही. पण माणूस समोर आला की त्यांची नजर आधी कानाकडे जायची. बोलायचे अगदी हळू. मला आधी वाटलं, स्वभाव असेल. मग लक्षात आलं की ते मुद्दाम हळू बोलतात आणि कोण पुढे वाकतंय ते बघतात. जो वाकला त्याचा कान त्यांनी तपासलाच म्हणून समजा. खिशातलं घड्याळ काढून ते गाडीची वेळ बघायचे नाहीत. समोरच्याच्या कानाजवळ धरायचे, आणि हळूहळू हात लांब नेत विचारायचे, "टिकटिक आहे? आता आहे? आता?" तहसीलदारांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या कानाशी हे घड्याळ धरलं होतं. वरपक्षाला वाटलं आहेर देऊन राहिले.

आठवडी बाजारात त्यांना भेटायला लोक घाबरायचे. ऊन चांगलं पडलं असलं की डॉक्टर खिशातून आरसा काढून कपाळाला बांधायचे, समोरच्याला खांद्याला धरून सूर्याकडे पाठ होईल असं उभं करायचे, आणि कानाची पाळी वर ओढून आत बघायचे. भाजीवालीच्या समोर, मिरच्यांच्या ढिगाशी, कुठंही. "हालू नका. ऊन कामाचं आहे," असं म्हणायचे. ऊन कामाचं असणं ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी होती.

त्यांचं एक वेड मात्र साऱ्या गावाला माहीत होतं. कातडी चालते, असं ते म्हणायचे. कानाच्या पडद्यावर जी पातळ कातडी असते ती एका जागी बसून राहत नाही, मधून निघून काठाकडे चालत जाते आणि तिथून नळीतून बाहेर येते, पाठीवर मळ घेऊन. म्हणून कानाला झाडूची गरज नाही, तो आपला आपणच स्वच्छ होतो. कोणाला पटायचं नाही. तेव्हा त्यांनी शाईचा ठिपका काढला. बारीक काडीच्या टोकाला काळी शाई लावून पोस्टमास्तरांच्या पडद्यावर मधोमध एक ठिपका दिला, आणि त्याच वेळी त्यांच्या अंगठ्याच्या नखावर बुडाशी दुसरा. मग दर आठवड्याला बघायचे, कोण पुढे गेलं. पोस्टमास्तरांना आधी लाज वाटली. नंतर ते खिडकीतून तिकीट देता देता अंगठा दाखवून सांगायला लागले, "नख मागं पडून राहिलं."

त्यांच्या स्वतःच्या कानातही ठिपका होता, पण तो त्यांना दिसणार कसा? दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, मला कामं आहेत. मग त्यांनी मला आरसा बांधायला शिकवलं. मी माडीच्या दारात उभी राहून त्यांच्या कानात बघायची आणि ठिपका घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर आहे ते सांगायची. काकू मधे पाट टाकून बसलेल्या असायच्या, निवडणं घेऊन. मी लग्नाच्या वयाची, ते एकटे. गावात कोणी काही बोलू नये म्हणून ती व्यवस्था होती. तरी लोक बोलायचे ते बोललेच. त्यात काही नव्हतं. माझ्याकडे बघताना त्यांना मी दिसत असेन असं मला कधी वाटलं नाही. उजवा कान दिसायचा.

काकूंशी त्यांचं एकदा मोठं वाजलं ते अंड्यांवरून. काकूंच्या घरात कांदासुद्धा चार महिने बंद असायचा. एक दिवस त्या जाळं काढायला माडीवर गेल्या, तर खिडकीत ओळीनं अंडी. प्रत्येक अंडं वाटीत उभं केलेलं, आणि वरच्या बाजूचं कवच रुपयाएवढं खरवडून काढलेलं. आतला पातळ पांढरा पापुद्रा शाबूत. काकू खाली आल्या त्या पदर नाकाला लावूनच. संध्याकाळी डॉक्टर घरी आले.

"डॉक्टरसाहेब, माह्या घरात हे चालणार नाही."

"काकू, मी खात नाही जी. मी त्यांचं ऑपरेशन करून राहिलो."

काकूंनी पदर नाकावरून काढला. "मंग बरे झाले का ते?"

"यातलं एक फुटलं. बाकीचे ठीक आहेत."

मग त्यांनी आम्हा दोघींना माडीवर नेऊन दाखवलं. पांढुर्ण्याच्या एका शिंप्याकडून त्यांनी मोडक्या शिलाई मशीनचं खालचं पायडल घेतलं होतं. त्याला पट्टा लावून दातांच्या डॉक्टरकडचं फिरतं टोक जोडलं होतं. कंपाउंडर पायडल मारायचा आणि डॉक्टर त्या फिरत्या टोकानं कवच झिजवायचे, आतल्या पापुद्र्याला धक्का न लावता. कानामागचं हाड असंच असतं, म्हणाले. एका बाजूला मेंदूचं आवरण, एका बाजूला चेहऱ्याची, डोळे-ओठ हलवणारी शीर. मधलं हाड कागदासारखं. हातोडी-छिन्नीनं तिथवर जाता येतं, पण शेवटचं हाड छिन्नीनं काढायला आपल्याला भीती वाटते.

एवढ्या मोठ्या माणसानं भीती वाटते असं साधेपणानं म्हटलं, त्याचं मला नवल वाटलं. काकूंनी अंड्यांना परवानगी दिली, फक्त ती मागच्या जिन्यानं आणायची, असं ठरलं.

माझ्या कानात काय आहे ते त्यांनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. त्यांनी माझा रुमाल मागितला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि मला म्हणाले, मधे बोट दाबा. रुमालाला खळगा पडला.

"हा तुमचा पडदा. नाकाच्या मागून कानात हवा जायची एक नळी असते, ती तुमची लहानपणी बंद पडली. हवा आत जात नाही म्हणून पडदा आत ओढला गेला. खिसा तयार झाला. आता पडद्यावरची कातडी तर चालूनच राहिली, पण ती खिशात शिरली, तिले बाहेर निघाले रस्ता नाही. कातडीचं कामच रोज थोडं मरायचं. मेलेली वरून गळते, खालून नवी येते. बाहेर असली की धुतली जाते. खिशात गळली की तिथंच साचते. पापुद्र्यावर पापुद्रा. मोत्यासारखी पांढरी गाठ होते."

"म्हणजे कॅन्सर?"

"नाही जी. बिलकुल नाही. चांगली कातडी आहे तुमची. फक्त जागा चुकली."

गाठीचं नाव त्यांनी सांगितलं, कोलेस्टेॲटोमा. मी शाळेतली बाई, मला नाव पाठ व्हायला वेळ लागला नाही. पण ते तिथं थांबले नाहीत. ही गाठ हाड खाते, म्हणाले. पुस्तकात लिहिलंय की दाबानं हाड झिजतं. "मले ते पटत नाही. इतकी नरम गाठ कडक हाडाले दाबून कशी झिजवीन? तिच्या काठाच्या पेशी काहीतरी सोडत असतीन, ज्यानं हाड विरघळते. आणि पू झाला की त्यांले जास्तच जोर येते. पाहायले भिंग पाहिजे, कामाची जागा पाहिजे. इथं काय आहे?" हे शेवटचं ते माझ्याशी बोलत नव्हते. पुष्कळ वर्षांनी नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की शास्त्रातही पुढे जवळपास तसंच निघालं.

उपाय एकच, कानामागचं हाड कोरून ती गाठ मुळासकट काढणं. जराशी कड राहिली तरी पुन्हा वाढते.

मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, डोक्याला छिन्नी लावू देणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर माझं लग्न होतं, आणि कापलेल्या कानाची मुलगी. शिवाय ज्या डॉक्टरांबद्दल त्यांनी ऐकलं होतं ते अंड्यांचं ऑपरेशन करायचे. माझ्या मनातही भीती होतीच, म्हणून मीही बाबांच्या नकाराच्या मागे लपले. डॉक्टरांनी जबरदस्ती केली नाही. दर रविवारी ते माझा कान पुसून द्यायचे आणि थोडा वेळ वास घ्यायचे. बस.

ते दिवस प्रांत मोडण्याचे होते. आमची राजधानी नागपूर, कोर्टकचेरी नागपूर, कापूस आणि संत्री नागपूरला, लग्नं नागपूरकडची. आता विदर्भ एकीकडे जाणार आणि आम्ही भोपाळच्या बाजूला राहणार, असं चाललं होतं. सरकारी माणसांना विचारलं जात होतं, कोणीकडे जाता. डॉक्टर मूळ नागपूरचे. ज्यांच्या हाताखाली ते कानाचं काम शिकले ते सर्जन तिथं होते. त्यांची बहीण तिथं होती. काकू तर धरूनच चालल्या होत्या की माडी रिकामी होणार.

एकदा आमचे हेडमास्तर डॉक्टरांच्या ओट्यावर बसून म्हणाले, "आमचं पण तुमच्या त्या कातडीसारखंच झालं न डॉक्टरसाहेब? मराठी माणूस भलत्या खिशात."

डॉक्टरांना ते आवडलं नाही. "कानाची गोष्ट कानात राहू द्या मास्तर," ते म्हणाले. "माणूस खिशातून उठून चालत जाऊ शकते."

पण ते स्वतः उठून गेले नाहीत. त्यांनी तोवर आसपासच्या काही जणांचे कान केले होते. बोरगावचा एक संत्रीवाला, तिगाव स्टेशनवरचा एक रेल्वेवाला, जामसांवलीजवळची एक शेतकरीण, अजून कोणी कोणी. असा कान एकदा कोरला की आत मोठी पोकळी राहते, तिथली कातडी नीट चालत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी डॉक्टरनं ती साफ करावी लागते. जन्मभर. नागपूरले काहून नाही जात, असं मी विचारलं तर म्हणाले, "मी गेलो तर यांचे कान कोण पाहीन?" त्यांनी इकडेच राहतो म्हणून कळवून टाकलं. काकूंनी त्या दिवशी त्यांना पुरणपोळी वाढली.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी डॉक्टरांनी माझा कान पुसताना कानाच्या तोंडाशी असलेला तो छोटा उंचवटा बोटानं आत दाबला, आणि माडी गरकन फिरली. मी पाटावरून खाली पडले. काकूंनी धरलं. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, बुबुळं आपोआप एका बाजूला उडत होती म्हणे, आणि ते खाली बसले. त्यांच्या तोंडावरचा रंग गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"गाठीनं हाड आतपर्यंत, तोल सांभाळते तिथवर खाल्लं," ते म्हणाले. "आता वाट पाहण्यासारखं नाही."

तरी मी पांढुर्ण्याला लगेच कळवलं नाही. मला वाटलं, चक्कर आहे, उतरेल. पुढच्या आठवड्यात मी वर्गात कविता म्हणत होते, तर पुढच्या बाकावरची एक मुलगी टक लावून बघायला लागली. मी तिला विचारलं, काय झालं.

"बाई, तुमचं तोंड वाकडं होऊन राहिलं."

ती हसत नव्हती. कोणीच हसत नव्हतं. मी फळ्याकडे तोंड केलं आणि हात लावून पाहिलं. उजवा ओठ माझा नव्हताच. उजवा डोळा मिटायला गेले तर मिटेना. मुलींना लेखन घातलं आणि सरळ दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी रांग तशीच सोडली, मला घेतलं आणि मोटारीनं पांढुर्ण्याला निघाले. कपाळाचा आरसा काढायचं विसरले होते. सगळ्या प्रवासात मोटारीतले लोक त्यांच्याकडे बघत होते.

बाबा दुकानात गादीवर बसले होते. माझा चेहरा पाहून त्यांच्या हातातला कापड मोजायचा गज खाली पडला. डॉक्टर गादीच्या काठावर बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"काका, उद्या-परवा ऑपरेशन करावं लागते."

"नागपूरले नेतो," बाबा म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात."

"न्या न. नेऊ शकत असान तर आजच न्या, मी सोबत येतो. पण माझे सर्जन आता तिथं नाहीत, गेल्या महिन्यात बदलून गेले. दुसऱ्याचा नंबर लागेपर्यंत किती दिवस जातीन ते मले माहीत नाही. एवढं माहीत आहे की ती गाठ मेंदूच्या आवरणाले लागली असू शकते."

"तुम्ही केलं तर कान वाचीन?"

"नाही जी. कान वाचणार नाही. उजव्या कानानं तिले जवळपास काही ऐकू येणार नाही."

बाबांचा आवाज चढला. "मंग वाचवान काय तुम्ही?"

"पोरगी," डॉक्टर म्हणाले. "तोंड पण सरळ होईन. शपथेवर नाही सांगत. पण होईन असं वाटते."

दुकानात एक गिऱ्हाईक लुगडं हातात धरून उभं होतं. बाबांनी पडलेला गज उचलून बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तुमाले काय काय लागते?"

डॉक्टरांनी दुकानातून नजर फिरवली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "तो आरसा लागते."

गिऱ्हाइकाला साडी अंगावर धरून बघता यावी म्हणून दुकानात माणसाएवढा आरसा होता. सौंसरच्या दवाखान्यात तेव्हा वीज आली नव्हती. बाबांनी तो आरसा गोधडीत गुंडाळून मोटारीच्या टपावर बांधला आणि स्वतः टपाजवळच्या शिडीला धरून उभे राहिले, सौंसरपर्यंत. कंडक्टर ओरडला तर त्याला म्हणाले, "फुटला तर तू भरून देशीन का?"

ऑपरेशन सकाळी होतं. मला पूर्ण झोपवायचं नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. कानाभोवती सुया देऊन जागा बधिर केली. चेहऱ्याची शीर कुठं आहे ते मी जागी असले तर कळेल, असं ते म्हणाले. सिस्टरांना एकच काम दिलं होतं, माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. पापणी, गाल, ओठ, जरा काही हललं की "डॉक्टर" म्हणायचं. ज्या सिस्टर ठिपका बघायला तयार नव्हत्या, त्या त्या सकाळी माझ्या तोंडावरून नजर काढत नव्हत्या.

बाबा अंगणात उन्हात आरसा धरून उभे. सूर्य आरशात, आरशातून खिडकीत, खिडकीतून डॉक्टरांच्या कपाळावरच्या आरशात, आणि तिथून माझ्या कानात. सूर्य सरकला की आतून डॉक्टरांचा आवाज जायचा, "काका, थोडं डावीकडं. बस. तसंच धरून ठेवा." बाबांना आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. फक्त तो आवाज.

पहिली हातोडी पडली तेव्हा दुखलं नाही, पण आवाज माझ्या डोक्याच्या आतून आला. पाथरवट बसावा तसा. मी पाढे म्हणायला लागले. डॉक्टर म्हणाले, म्हणा, चांगलं आहे, मले पण धीर येते. मग छिन्नी थांबली आणि कंपाउंडरचं पायडल सुरू झालं. त्याची बारीक घरघर चालू असताना डॉक्टर बोलत नव्हते, मीही पाढे थांबवले. मधेच सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर." घरघर थांबली.

"काय हललं?"

"ओठाचा कोपरा. उजवा."

"उजवा?" डॉक्टर हसल्यासारखे झाले. "हलला न? मंग शीर जिती आहे. ती इथं आहे, मी तिच्या जवळ जात नाही आता."

बाहेर अंगणात बाबांनी विचारलं, काय झालं. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. मग डॉक्टरांनीच खिडकीकडे न बघता म्हटलं, "काका, ऊन कामाचं आहे. हालू नका."

दुपार व्हायच्या आत आटपलं. बाबांचा हात खाली येईना. सिस्टरांनी कोपराला धरून खाली केला. डॉक्टरांनी मला वाटीत ती गाठ दाखवली. पांढरी, चकाकणारी, वाटाण्याएवढी. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल.

चेहरा सरळ व्हायला उन्हाळा उजाडला. आधी पापणी अर्धी मिटायला लागली, मग पाणी पिताना ओठातून ओघळायचं थांबलं. शिट्टी वाजवता येते का ते डॉक्टर रोज बघायचे. आमच्याकडे मुलींनी शिट्टी वाजवायची नसते, म्हणून काकू दार लावून घ्यायच्या आणि मी फुंकत बसायची. ज्या दिवशी शिट्टी वाजली, त्या दिवशी डॉक्टर जिन्यातच उभे राहून म्हणाले, "पुन्हा वाजवा." पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, नोकरी पूर्ण झाली. उजव्या कानानं मला आजही ऐकू येत नाही.

डॉक्टर इथं राहण्यासाठी राहिले होते, पण नव्या राज्यात वर्ष-दीड वर्षातच त्यांची बदली झाली, पार छत्तीसगडकडे. ते तक्रार करत बसले नाहीत. अंडी, पायडल, सगळं बैलगाडीत घालून स्टेशनवर गेले. जाताना मला म्हणाले, "दिवाळी झाली की येतो. सगळ्यांले सांगून ठेवा. पांढुर्ण्याले, काकांच्या दुकानात. तिथं रस्त्याचं ऊन चांगलं येते."

आणि आले. दर वर्षी आले. दिवाळी झाली की पहिल्या सोमवारी आमच्या दुकानाची गादी रिकामी व्हायची. बाबा स्वतः कापडाचे तागे उचलून बाजूला ठेवायचे. बोरगावचा संत्रीवाला, तिगावचा रेल्वेवाला, जामसांवलीकडची ती बाई, मी, असे सगळे ओळीनं बसायचो. डॉक्टर एकेकाच्या कानात बघायचे, साफ करायचे, "पुढच्या वर्षी" म्हणायचे. संत्रीवाला टोपलीभर संत्री आणायचा आणि डॉक्टर ती तिथंच सगळ्यांना वाटून टाकायचे. रिटायर होऊन नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्यावरही तुम्ही नागपूरला या असं ते कधी म्हणाले नाहीत. तेच गाडीनं यायचे.

एका वर्षी ते आले आणि आरसा बांधायला त्यांना वेळ लागला. मी बघितलं, हात थरथरत होते. त्यांनी माझी पाळी ओढली, हत्यार जवळ आणलं, आणि मग हत्यार खाली ठेवलं. आरसा कपाळावरून काढला.

"बाई, आजपासून मी तुमच्या कानाले हात लावणार नाही."

मी म्हटलं, "काही होत नाही जी. तुम्ही पुसा."

"होते," ते म्हणाले. "आत चेहऱ्याची शीर उघडी आहे. मले माहीत आहे ती कुठं आहे. माह्या हाताले आता माहीत नाही."

त्यांनी त्या दिवशी कोणाचाच कान साफ केला नाही. नागपूरला एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना आपण शिकवलंय, वर्षातून एकदा त्यांच्याकडे जा, असं सगळ्यांना समजावून सांगितलं. आम्ही हो म्हटलं. संत्री खाल्ली. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. आणि आमच्यातलं कोणीही नागपूरला गेलं नाही. पुढच्या वर्षी जाऊ, असं प्रत्येकानं मनाशी म्हटलं असणार.

पुढच्या पावसाळ्यात डॉक्टर वारले. तिगावच्या रेल्वेवाल्यानं लाइनीवरच्या माणसांकडून ऐकलं आणि आम्हाला सांगितलं.

दिवाळी झाली. पहिल्या सोमवारी मी कशी कोण जाणे, सौंसरहून मोटारीत बसले आणि दुकानात आले. बाबांनी गादी रिकामी केली होती. थोड्या वेळानं बोरगावचा संत्रीवाला आला, टोपलीसकट. मग तिगावचा. मग जामसांवलीची बाई, सुनेला घेऊन. कोणी कोणाला निरोप दिला नव्हता. आम्ही ओळीनं बसलो.

बाबा म्हातारे झाले होते. ते एकेकाकडे बघत राहिले. "तुम्हा सगळ्यांले तर माहीत होतं. मंग आले काहून?"

संत्रीवाला म्हणाला, "दिवाळी झाली न जी."

रस्त्यावरचं ऊन गादीवर आलं होतं. बाबा उठले, कोट अंगात घातला आणि दुकानाचं एक दार ओढून घेतलं. "चला," ते म्हणाले. "नागपूरच्या गाडीले अजून वेळ आहे. त्या डॉक्टरीणबाईकडं जाऊ. मी येतो सोबत."

गाडीत बसायला जागा मिळाली, पण बसता येईना. कोणाचा डावा कान गेलेला, कोणाचा उजवा. संत्रीवाला माझ्या उजव्या बाजूला बसून बोलायला लागला तर मला काही कळेना. मी उठून त्याच्या पलीकडे गेले, तर मी बोललेलं जामसांवलीच्या बाईंना ऐकू येईना. तिगावचा मधे आला, मग तो उठला, मग मी. पुढचं स्टेशन मागे पडलं तरी आमची उठाठेव चालूच होती. समोरच्या बाकावरचे लोक बघत राहिले. शेवटी सगळं जमलं, प्रत्येकाचा चांगला कान कोणा ना कोणाकडे आला, आणि मग संत्रीवाल्यानं टोपली मांडीवर घेतली आणि म्हणाला, "हं, आता बोला."